मुदतवाढीचा अर्ज नेमका कधी करायचा? जर्मनीतला माझा अनुभव

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी कोल्हापूरला जायचं तिकीट बघत होते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आसपास करायचं ठरलं होतं आणि तेव्हा मला घरी असायचंच होतं. विमानाच्या फॉर्ममध्ये पासपोर्टची मुदत विचारली होती. ९ सप्टेंबर २०२४. म्हणजे प्रवासाच्या आधीच पासपोर्ट संपत होता. पाकिटातून जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड काढून पाहिलं, तर त्यावरही तीच तारीख, ९ सप्टेंबर २०२४.

मी ऑक्टोबर २०२१ मध्ये नोकरीसाठी इथे आले. राहते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका मध्यम शहरात. पदवीधर कुशल कामगारांना मिळतो तो परवाना माझ्याकडे होता. कंत्राट कायमचं असेल तर तो साधारण चार वर्षांचा मिळतो. मला मात्र तीन वर्षांहून कमी मिळाला होता आणि त्याचं कारण मी त्या वेळी विचारलंही नव्हतं. कारण साधं होतं. पासपोर्टच्या मुदतीपुढे परवाना देत नाहीत. माझा पासपोर्ट २०१४ चा, दहा वर्षांचा, त्यामुळे कार्ड तिथेच तोडलेलं. आपल्याकडच्या अनेकांचं असं होतं आणि कार्ड हातात आल्याच्या आनंदात ती तारीख कोणी नीट वाचत नाही.

म्हणून माझ्या मते मोजणी पासपोर्टपासून सुरू करावी. जुना पासपोर्ट घेऊन मुदतवाढ मागितली तर हाती काही लागत नाही. भारतीय पासपोर्ट संपायच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो. आमचं राज्य म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाखाली येतं. मार्चमध्ये ऑनलाइन फॉर्म भरून कागद दिले आणि मेच्या सुरुवातीला नवा पासपोर्ट हातात आला. हे काम वेळेत झालं म्हणून पुढचं सगळं जमलं.

चूक झाली ती दुसरीकडे. एप्रिलमध्ये मी आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, अपॉइंटमेंट शोधली. इथे सगळे तिला ‘टर्मिन’ म्हणतात. सर्वांत जवळची तारीख मिळाली ८ ऑक्टोबर. परवाना संपल्यानंतर एक महिना! तरीही मी निश्चिंत होते. तारीख त्यांनीच दिली आहे, तेव्हा तोपर्यंतची जबाबदारीही त्यांचीच, असं मी धरून चालले होते. ऑफिसातल्या दोन भारतीय सहकाऱ्यांचंही तेच मत होतं.

आमच्या मराठी मंडळातल्या एक ताई वीस वर्षांपासून इथे आहेत. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरता आवरता मी त्यांना हे सहज सांगितलं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“अगं, टर्मिन मिळाली म्हणजे अर्ज झाला नाही. तू अर्ज केलायस का?”

“तो तिथे गेल्यावरच करायचा ना, ताई?”

“नाही. मुदत संपायच्या आत अर्ज त्यांच्याकडे पोचला पाहिजे. टर्मिन ऑक्टोबरमध्ये असू दे, नाहीतर डिसेंबरमध्ये.”

घरी येऊन मी कायदा वाचला. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४. परवान्याची मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर कार्यालयाचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे असं मानलं जातं, नोकरी करण्याच्या हक्कासकट. कार्यालयाला सहा महिने लागले तरी तुम्ही कायदेशीरच राहता. पण अर्ज एक दिवस जरी उशिरा गेला, तरी हे संरक्षण आपोआप मिळत नाही. अन्यायकारक त्रास टाळण्यासाठी कार्यालय ते देऊ शकतं, पण देणं त्यांच्या हातात. तो दिवस मला आजही आठवतो. अडीच वर्षांचं काम, भाड्याचं घर, नोकरी हे सगळं मी एका गैरसमजावर सोडून दिलं होतं.

मग प्रश्न उरला की नेमका कधी करायचा. मी लगेच ईमेल केला. उत्तर आलं, मुदत संपायला तीन महिने उरले की ऑनलाइन अर्ज करा, त्याआधी घेत नाही. प्रत्येक शहराची पद्धत वेगळी. कुठे आठ आठवडे सांगतात, कुठे तीन महिने. आपल्या शहराच्या कार्यालयाच्या पानावर काय लिहिलंय तेच प्रमाण मानावं, दुसऱ्या गावातल्या मित्राचं नाही. फार लवकर पाठवलं तर अर्ज परत येतो, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर एखादा कागद कमी निघाल्यावर हातात दिवसच उरत नाहीत.

मी १० जूनला, सोमवारी सकाळी, अर्ज पाठवला. मे महिन्यातच सगळं एका फोल्डरमध्ये गोळा केलं होतं: नवा आणि जुना पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू, नोकरीचं कंत्राट, कंपनीचं ताज्या तारखेचं पत्र, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र, घराचा करार, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला. कंपनीच्या पत्राला सर्वांत जास्त वेळ लागला, तेव्हा ते आधी मागा. अर्ज गेल्यावर पोचपावतीचा ईमेल आला, त्यात तारीख आणि फाईल क्रमांक. त्याची प्रिंट काढून ठेवली. अर्ज वेळेत पोचल्याचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

फोटोबद्दल एक सांगते, कारण हे माझ्यानंतर बदललं. मी कागदी बायोमेट्रिक फोटो दिला होता. मे २०२५ पासून सरकारी कार्यालयं डिजिटल फोटोच घेतात. तो कार्यालयातल्या यंत्रावर काढतात किंवा मान्यता असलेल्या स्टुडिओतून थेट पाठवला जातो. घरून फोटो छापून नेऊ नका.

जुलैमध्ये कंपनीच्या एचआरचा ईमेल आला: तुमचा परवाना सप्टेंबरमध्ये संपतोय, नवा द्या. त्यांची बाजू बरोबर होती. परदेशी माणसाला कामावर ठेवणाऱ्याने त्याचा परवाना तपासून प्रत जपून ठेवणं हे कायद्यानेच सांगितलं आहे. कलम ८१ मुळे मला हक्क होता, पण तो दाखवायला कागद नव्हता. तो कागद म्हणजे फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग. ‘अर्ज आलेला आहे, निर्णय व्हायचा आहे, तोवर परवाना चालू समजावा’ असं सांगणारा घडीचा दाखला. मी फाईल क्रमांक लिहून लेखी विनंती केली. दोन आठवडे उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, सोबत एचआरचं पत्र आणि बाबांच्या ऑपरेशनच्या तारखेचा हॉस्पिटलचा कागद जोडला. २७ ऑगस्टला काउंटरवर बोलावून १३ युरो घेऊन दाखला दिला. मुदत संपायला तेरा दिवस उरले होते.

बाबांना त्या रात्री फोन केला. ते म्हणाले, “तू आधी तुझे कागद नीट कर बाळ, गुडघ्याची काळजी नको.” पण आवाज थकलेला होता.

भारतात जाऊन परत येता येईल का, हे या दाखल्यावरच ठरणार होतं. त्याच्या आतल्या पानावर तीन चौकोन असतात आणि खूण कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. तिसऱ्या चौकोनात, ‘परवाना चालू असल्याचं मानलं जातं, कलम ८१ पोटकलम ४’ यापुढे खूण असेल, तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकोनात खूण असेल तर त्या दाखल्यावर परत येता येत नाही. हा चौकोन काउंटरवरून निघायच्या आधी पाहा. चुकून दुसरीकडे खूण झाली असेल तर तिथेच बदलून मिळते.

८ ऑक्टोबरच्या अपॉइंटमेंटबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बोटांचे ठसे, सही, ९३ युरो, पंधरा मिनिटं. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येणार होतं, त्याला काही आठवडे लागणार होते.

२२ ऑक्टोबरला मी निघाले. परतीसाठी मुद्दाम मुंबई ते फ्रँकफुर्ट थेट विमान घेतलं. मध्ये दुसऱ्या देशात हा दाखला दाखवून समजावत बसायची वेळ येऊ नये म्हणून. ऑपरेशन नीट झालं. लक्ष्मीपूजनाला बाबा वॉकर धरून दारातल्या पणत्यांपर्यंत आले.

परतताना मुंबईच्या चेक-इन काउंटरवर थांबावं लागलं. तिथल्या मुलीने कार्ड पाहिलं. “मॅडम, हे एक्स्पायर झालंय.” मी दाखला पुढे केला. तिने तो कधी पाहिला नव्हता. जर्मन सरकारच्या इंग्रजी माहितीचं पान छापून नेलं होतं, तेही दिलं आणि तिसरा चौकोन दाखवला. तिने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी कुठेतरी फोन लावला. पंचवीस मिनिटं मी बाजूला उभी होते, मागची रांग पुढे सरकत होती. पोटात गोळा आला होता. शेवटी बोर्डिंग पास मिळाला. या दाखल्यावर प्रवास करणार असाल तर विमानतळावर तासभर जास्त हाताशी ठेवा, आणि जुनं कार्ड, पासपोर्ट, दाखला हे तिन्ही सामानात न टाकता जवळच्या पर्समध्ये ठेवा. फ्रँकफुर्टला सीमा पोलिसाने दाखला उलगडला, खूण पाहिली आणि शिक्का मारला. एक मिनिटही लागलं नाही.

१९ नोव्हेंबरला कार्ड मिळालं, चार वर्षांचं. नवा पासपोर्ट २०३४ पर्यंत आहे, त्यामुळे या वेळी कुठे कात्री लागली नाही.

तोपर्यंत माझे पेन्शनचे छत्तीस हप्ते पूर्ण झाले होते. कुशल कामगार म्हणून तीन वर्षं, हे हप्ते, बी-१ पातळीची जर्मन आणि ‘जर्मनीतलं जीवन’ ही परीक्षा एवढं असलं की कायम निवासासाठी अर्ज करता येतो. सप्टेंबरमध्ये मी एक-दोन महिन्यांनी मागे पडले होते, म्हणून आधी मुदतवाढ घ्यावी लागली. जर्मनची परीक्षा जानेवारीत आहे. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ असतो आणि घरी आल्यावर बाबा व्हिडिओ कॉलवर किती पावलं चालले ते मोजून सांगतात.