आईचा कंटाळा

आज बुधवार, नाशिकचा गंगेवरचा बाजार. एरवी मेथीची जुडी उलटीपालटी करून, पानं बघून, भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून वाद घातल्याशिवाय आई घरी येत नाही. आज म्हणाली, "तूच जा गं. मला कशाचंच काही वाटत नाही."

संधिवाताने तिची बोटं सुजलीत, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरते. घरचे म्हणतात, मन रमव, बाहेर पड. मला याचा खरंच राग येतो, कारण यामागे तिचा आजारच असू शकतो.

शरीरात दाह, म्हणजे संधिवातात येते तशी सूज, वाढला की रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाचे निरोप्या रेणू सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचं काम मंदावतं. गोष्ट हवीशी वाटणंच कमी होतं. २०१० च्या एका प्रयोगात निरोगी लोकांना दाह निर्माण करण्यासाठी जिवाणूंच्या विषाचा अगदी सूक्ष्म डोस दिला. पैसे मिळणार म्हटल्यावर मेंदूच्या व्हेंट्रल स्ट्रायटम भागात जी हालचाल दिसते, ती त्यांच्यात कमी दिसली.

म्हणून उदास माणसाने सुजेच्या गोळ्या घ्याव्यात असं मुळीच नाही. २०१३ मध्ये नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह कमी करणारं औषध देऊन पाहिलं. सरसकट फायदा झाला नाही, पण रक्तात सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन) जास्त असलेल्यांमध्ये सुधारणा दिसली.

पुढच्या वेळी डॉक्टरांना सांध्यांसोबत तिचं हे "काही वाटत नाही"सुद्धा सांगणार आहे. तुमच्या घरी कुणाचं असं होत असेल तर तुम्हीही सांगा.