लिस्बनच्या पोटात

लिस्बनला जाणारे बहुतेक प्रवासी टेकडीवरचा किल्ला आणि पिवळी ट्राम पाहून परततात. मी मात्र या शहराचा इतिहास प्रथम पाहिला तो एका बँकेच्या तळघरात. शहराच्या सखल मध्यभागात, जुन्या खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत ही इमारत आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथे दुरुस्तीसाठी खोदकाम झाले आणि जमिनीखालून रोमन काळातील मासे खारवण्याची दगडी टाकी निघाली. तेव्हा या नगराचे नाव ओलिसिपो होते. तेजू नदीच्या मुखाशी पकडलेली मासळी या टाक्यांमध्ये मिठात मुरवली जाई आणि जहाजांतून दूरवर विकली जाई. वाकून पाहिले की टाक्यांच्या आतल्या बाजूचा जाड गिलावा आजही दिसतो. कोकणातल्या माणसाला हा धंदा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच तळघरात, रोमन अवशेषांना खेटून, पाइनच्या लाकडाचे काळपट खुंट जमिनीत उभे ठोकलेले दिसतात. वरची संपूर्ण इमारत त्यांच्यावर तोललेली आहे. हे खुंट अठराव्या शतकातील असून भूजलात बुडून राहिल्यामुळे कुजले नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली तरच त्यांना धोका आहे. मधल्या दीड हजार वर्षांत वर पुष्कळ काही घडून गेले होते. आठव्या शतकात आलेल्या मुसलमान राज्यकर्त्यांचे नगर पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसो हेन्रिक याने 1147 मध्ये, जेरुसलेमकडे निघालेल्या धर्मयोद्ध्यांच्या मदतीने वेढा घालून घेतले. किल्ल्याखालच्या वस्तीचे आल्फामा हे अरबी नाव तेवढे टिकले. पुढे 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि मिरीच्या पैशावर नदीकाठी राजवाडा उभा राहिला. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा 1515 मध्ये गोव्याहून जहाजाने याच बंदरात उतरला, तेव्हा युरोपने हजार वर्षांहून अधिक काळात पाहिलेला तो पहिला गेंडा होता.

हे सारे वैभव 1 नोव्हेंबर 1755 च्या सकाळी कोसळले. सर्व संतांचा सण असल्यामुळे चर्च भरलेली होती आणि मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आधी भूकंप, मग नदीतून चढून आलेल्या समुद्राच्या लाटा आणि शेवटी कित्येक दिवस धुमसणारी आग, असा तिहेरी घाला पडला. त्याच वर्षी बांधून झालेले राजेशाही ऑपेरागृह जेमतेम सात महिने टिकले. राजघराणे त्या सकाळी शहराबाहेर बेलेंला होते म्हणून वाचले. राजाने मात्र दगडी छताची इतकी धास्ती घेतली की पुढची अनेक वर्षे तो लाकडी वाड्यातच राहिला.

पुनर्रचनेचे श्रेय सहसा मंत्री पोंबाल यालाच दिले जाते. मला मात्र त्याच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो मानुएल द माया हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा लष्करी अभियंता. भूकंपाला पुरते पाच आठवडेही होण्याआधी, 4 डिसेंबरला त्याने आपल्या अहवालाचा पहिला भाग सादर केला आणि त्यात पाच पर्याय मांडले: होते तसेच शहर पुन्हा बांधावे इथपासून ते सगळे सोडून बेलेंला नवे वसवावे इथपर्यंत. अखेर सखल भाग पाडून सरळ, रुंद रस्ते आखले गेले आणि प्रत्येक घराच्या भिंतीत फुलीच्या आकाराच्या तिरप्या लाकडांचा सांगाडा बसवला गेला. त्याला तिथे 'पिंजरा' म्हणतात. भिंतीचा दगडचुना ढासळला तरी लाकूड लवून मजले तोलून धरील, हा त्यामागचा हिशेब होता. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला गेला, असेही सांगितले जाते.

याच माया यांच्याकडे राज्याच्या दफ्तरखान्याची जबाबदारी होती. किल्ल्यातला दफ्तराचा बुरूज कोसळला, तेव्हा ढिगाऱ्यातून कागद काढून तात्पुरत्या लाकडी निवाऱ्यात हलवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. (वर मी त्यांना एकेरीत संबोधले, इथे मात्र जीभ रेटत नाही.) गोवा आणि लिस्बन यांच्यातील पत्रव्यवहाराची 'मान्सूनची पुस्तके' म्हणून ओळखली जाणारी बाडे पुढे गोव्याहून याच दफ्तरखान्यात आली, उरलेली पणजीला आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या अभ्यासकांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उलगडला तो अशाच कागदांतून. त्यामुळे 1739 साली वसई गमावणाऱ्या राज्याची ही राजधानी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

नदीकाठच्या राजवाड्याचा मागमूसही वर उरलेला नाही. त्या जागी पोंबालने व्यापारी चौक आखला आणि नावही तेच दिले. लिस्बनकर मात्र अजून त्याला 'राजवाड्याचे अंगण' म्हणतात, आणि चौकालगतच्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही तेच नाव आहे.