गोठलेल्या वसुधारेपाशी

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बद्रीनाथाची दारं हिवाळ्यासाठी मिटायला चार दिवस उरले होते आणि माणा गाव निम्मंअधिक रिकामं झालं होतं. बर्फ पडायच्या आत इथले लोक बिऱ्हाड घेऊन खाली उतरतात. मी पुण्याहून अकरा जणांना घेऊन आले होते. ट्रेक लीडर म्हणून हे माझं नववं वर्ष, पण वसुधारा धबधब्याला इतक्या उशिरा मी पहिल्यांदाच निघाले होते.

गटात सांगलीकडच्या एक आजी होत्या, अडुसष्ट वर्षांच्या. रोज घाटाच्या पायऱ्या चढून-उतरून त्यांनी तयारी केली होती, त्यामुळे त्यांच्या चालण्याची मला काळजी नव्हती. भीमपुलावरून सरस्वती ओलांडली, द्रौपदीचं देऊळ मागे पडलं. पुढे पाचेक किलोमीटर वाट. ऊन अजून खाली आलं नव्हतं. ओहोळांचं पाणी रात्री फरसबंदीवर पसरून गोठलेलं; दिसायला नुसता ओला दगड, पण पाय ठेवला की गेलाच. माण्याचा आमचा वाटाड्या अशा प्रत्येक जागी थांबायचा, काठीनं कडेची माती खरवडायचा आणि ओंजळीनं बर्फावर टाकायचा. मग आम्ही एकेक जण त्यावरून जायचो.

वळणावरून धबधबा दिसला आणि सगळे गप्प झाले. सुमारे ४०० फुटांची ती धार. एरवी वारा तिला अर्ध्यावरच उधळून देतो. आता ती कड्याला बिलगून थिजली होती. वर निळसर, पायथ्याशी दुधाळ बर्फाचा ढीग, कडेला माणसाएवढे सुळे.

पापी माणसाच्या अंगावर वसुधारेचा थेंब पडत नाही, अशी श्रद्धा आहे. आजी त्या एका थेंबासाठी आल्या होत्या. नोव्हेंबरात धार गोठलेली असू शकते, हे मी त्यांना पुण्यातच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक माझी.

वाटाड्यानं बरंच अलीकडे काठी आडवी ठेवली. "दीदी, इसके आगे नहीं." माथ्यावर ऊन आलं होतं. ऊन लागलं की बर्फाची कड्यावरची पकड सुटते.

"पोरी, दोन मिनिटं जाऊन येते गं," आजी म्हणाल्या.

"नाही आजी."

"बघ, वरून ठिबकतंय. आत्ता गेले तर मिळेल."

खरंच ठिबकायला लागलं होतं, आणि म्हणूनच मला त्यांना सोडता येत नव्हतं. मी त्यांचा हात धरला. मग त्या हळूच बोलल्या, "ह्यांच्या शेवटच्या रात्री मी दवाखान्यातनं घरी झोपायला आले होते. पहाटे गेले ते. मला बघायचं होतं गं, पडतोय का अंगावर."

काय बोलावं कळेना. सोडावं, दोनच तर मिनिटं, असं एक क्षण मनात आलं. तो क्षण मला अजून आठवतो आणि अंगावर काटा येतो.

आधी एक कोरडा 'तड्' असा आवाज आला. मग डावीकडचा सुळ्यांचा अख्खा पट्टा सुटला. तो पायथ्याच्या ढिगावर आदळला तेव्हा पायाखालची जमीन थरथरली. लोक जिथे उभे राहून अंगावर तुषार घेतात, नेमकी ती जागा पांढऱ्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. तुकडे घरंगळत काठीच्या पुढे दोन-चार हातांवर येऊन थांबले.

बराच वेळ कोणी हललं नाही. मग वाटाड्यानं वर पाहिलं, काठीनं सुपारीएवढा एक तुकडा अलीकडे ओढला आणि आजींच्या हातावर ठेवला. त्यांनी पिशवीतून लाडवांचा स्टीलचा डबा काढला, उरलेला एक लाडू मला दिला, डबा पदरानं पुसला आणि तुकडा त्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. परतीच्या वाटेवर तो डबा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. गोठलेल्या ओहोळांपाशी मी त्यांना दंडाला धरून पार करत होते.

रात्री बद्रीनाथला खोलीचं दार वाजलं. आजी उभ्या होत्या, हातात डबा. तळाशी चमचाभर पाणी.

"आधी तू घे," म्हणाल्या.

मी उजवा तळहात पुढे केला.