कीपरवर नुसते शॉट मारत बसू नका

आपल्याकडे फुटबॉलमध्ये गोलकीपरचं ट्रेनिंग म्हणजे काय, तर शेवटची पंधरा मिनिटं सगळी टीम त्याच्यावर शॉट मारणार आणि तो बिचारा बॉल आणत फिरणार. याला प्लॅनिंग म्हणत नाहीत राव. एका सेशनला एकच विषय घ्या, आज क्रॉस (मैदानाच्या बाजूने गोलसमोर मारलेला बॉल) तर क्रॉसच, आधी साधे कॅच, मग फूटवर्क, मग मोकळे क्रॉस आणि मग मध्ये दोन-तीन जण घुसवा कारण मॅचमध्ये मोकळा बॉल कोण देतंय! पाच-सहा बॉल झाले की श्वास घेऊ द्या, दमलेला कीपर टेक्निक सोडून नुसता पडतो.

पडण्यावरून आठवलं, पुण्यात मे महिन्यात ग्राउंड फरशीसारखं टणक होतं, तेव्हा डाइव्ह कमी ठेवा आणि पायाचं काम वाढवा. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास १९९२ पासून हातात घेता येत नाही, तरी पोरांचा डावा पाय अजून झोपलेलाच. आणि आता २०२५-२६ पासून ८ सेकंदांच्या वर बॉल धरला की समोरच्यांना कॉर्नर, म्हणून कॅच झाला की लगेच थ्रो, हे प्रत्येक ड्रिलला जोडाच.