तुम्ही विचारलंत म्हणून: बाबा गेले तेव्हा मी का रडलो नाही

तेराव्यापासून हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदाच लिहून टाकतो. 'डोळ्यांत टिपूस नाही. त्या एपिक्टेटसनं तुमचा दगड केला का?'

तो स्वतः दगड नव्हता हो. रोमन काळातला स्टोइक तत्त्वज्ञ, जे आपल्या हातात नाही त्यावर खचू नये असं शिकवणारा. फ्रिजियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) हिरापोलिसचा, गुलामीत वाढलेला, पायानं अधू माणूस. त्याच्या नावाचा ग्रीक अर्थच 'मिळवलेला', एखादी वस्तू मिळवावी तसा. रोमच्या डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्यानं शाळा काढली. एका मित्रानं टाकून द्यायला काढलेलं मूल त्यानं म्हातारपणी घरी आणून वाढवलं. दगड असं करत नाही.

पण तुमचा संशय अगदीच खोटाही नाही.

त्या रात्री आयसीयूबाहेर मी आणि ताई बसलो होतो. वॉर्डबॉयनं बाबांचा चष्मा आणि कवळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. पिशवीवर मार्करनं बेड नंबर लिहिलेला. चष्म्याच्या काचेवर बाबांच्या बोटाचा ठसा तसाच होता. मला ते बघवेना. मी पिशवी ताईच्या मांडीवर ठेवली आणि मनात एपिक्टेटसचं घोकायला लागलो: काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, शरीर आपल्या हातात नाही. मग म्हणालो, "ताई, मी थांबून तरी काय करणार? सकाळी येतो." ती म्हणाली, "जा." घरी जाऊन मी चक्क झोपलो. पावणेपाचला फोन आला.

पुढे दोन महिने मला याचा अभिमान होता. खचलो नाही म्हणून.

मग एपिक्टेटसची प्रवचनं हातात घेतली. शिष्य एरियननं उतरवून ठेवलेल्या आठ भागांपैकी चार उरलेत. पहिल्याच भागात, अकराव्या प्रकरणात, एक सरकारी अधिकारी सांगतो: मुलगी इतकी आजारी होती की मला बघवेना, मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचं कळेपर्यंत परतलो नाही. बापाचं काळीज आहे, असंच होणार. एपिक्टेटस त्याला 'रडू नकोस' म्हणत नाही. विचारतो, आईचं तिच्यावर प्रेम नाही? दाईचं नाही? मग त्यांनीही निघून जायला हवं होतं? तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम करावं, तुला एकटं टाकून?

मी पुस्तक मिटलं. ज्याच्या नावावर मी पळालो होतो, त्यानंच मला गाठलं होतं.

तरी सगळं पटलंय असं नाही. कुणी शोक करत असेल तर त्याच्याबरोबर कण्हायलाही हरकत नाही, फक्त आतून कण्हू नकोस, असं तो सांगतो. हे मला मान्य नाही. आणि तेव्हाचा मी अजून भांडतो: थांबला असतास तर बाबा वाचले असते का? नसते. हेही खरंच. पण आता रडायचं तर कुठल्या तोंडानं रडू?

परवा ताईला त्या अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्या पोरीनं विचारलं असेल ना, बाबा कुठंयत म्हणून?"

बाबांनी त्या रात्री विचारलं होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.