अजनी चौकात, आजीसोबत

कारगिलच्या शहीदांना फूल वाहायला नागपूरच्या अजनी चौकात निघालो होतो, पण आजीच्या पिशवीतला शेवंतीचा पुडा दुसऱ्याच कोणासाठी होता. तिचा मोठा भाऊ ७१ च्या लढाईत गेला. घरी आली ती तार आणि महिन्याभराने एक ट्रंक. तेव्हा अंत्यसंस्कार आघाडीवरच व्हायचे. जवानांचं पार्थिव गावी पोचवायची पद्धत पडली ती १९९९ च्या कारगिलपासून. आजीला फूल ठेवायला जागाच नव्हती.

२६ जुलैला, कारगिल विजय दिनी, अजनी चौकातल्या अमर जवान स्मारकावर जायचं, तर गाडी घरीच ठेवा. मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं अजनी चौक स्टेशन जवळ आहे आणि पार्किंगच्या भानगडीत अर्धा तास जातो. फुलं आदल्या संध्याकाळीच बर्डीतून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणा, सुटी. प्लास्टिकमधला बुके नको, पावसात त्याचा चिखल होतो. म्हाताऱ्या माणसासाठी घडीचा स्टूल घ्याच. आम्ही नेला नव्हता. पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि तोवर पदकं लावलेले माजी सैनिक पावसात ताठ उभे! एका सुभेदार साहेबांनीच आजीला खुर्ची आणून दिली.

पोरांना आधीच समजावून न्या. बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही शहीदांसाठीची धून वाजते, मग दोन मिनिटं मौन, पुन्हा बिगुल. ‘शोक शस्त्र’ म्हटलं की जवान बंदुकीची नळी खाली करतात. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सगळ्यात जास्त तेच लक्षात राहिलं. मौनात छत्री मिटा. मोबाइलचं तर सांगायलाच नको, तरी एकाचा वाजलाच.

पुष्पचक्रं आधी पाहुण्यांची, मग वीरमाता-वीरपत्नींची. आपला नंबर सगळ्यात शेवटी, आणि इथेच लोक चुकतात: भाषणं संपली की निघून जातात. थांबा. गर्दी पांगल्यावर आजी पुढे गेली, पुडा सोडला आणि फुलं एकेक करून ठेवत बसली. कोणी घाई केली नाही.

“आजी काऊन रडते?” पोरीने हळूच विचारलं.

“पावसाचं पाणी आहे ते,” आजीच म्हणाली.

नंतर मेट्रोनेच झिरो माइल फ्रीडम पार्कला उतरलो. तिथे टी-५५ रणगाडा ठेवलाय. याच जातीचे रणगाडे ७१ ला लढले होते. आजीने त्याच्या पोलादावर हात ठेवला, फोटो मात्र काढू दिला नाही. मग तर्री-पोहे. तर्री तिखट होती, तिने दोनदा मागितली.

सीताबर्डीचा किल्ला एरवी लष्कराच्या ताब्यात असतो, पण २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सगळ्यांना आत सोडतात. ओळखपत्र जवळ ठेवा, सकाळी लवकर रांगेत लागा. आजी १५ ऑगस्टला येणार म्हणते. चढ आहे, म्हणून स्टूल आजच घेतला.