दुकानाच्या पाटीसाठी अक्षर शोधताना

आमच्या किराणा दुकानाची पत्र्याची पाटी पेंटरने हाताने रंगवलेली होती. तिचा खालचा काठ गंजून झडायला लागला, तेव्हा नवी करायचं ठरलं. फ्लेक्स नको आणि अक्षर जुन्या वळणाचंच हवं, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलं.

मी पहिल्यांदा रोझा वन हा फॉन्ट घेतला. जाडजूड रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा. स्क्रीनवर फार देखणा दिसला. पण मोठं छापून दुकानावर चिकटवलं आणि रस्त्यापलीकडून पाहिलं, तर बारीक रेषा दिसेचनात. लग्नपत्रिकेला मात्र मी तोच वापरेन.

मग यात्रा वन सापडला. कॅथरिन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे. रेषा भरदार, वळणात ब्रशचा हात जाणवतो. शिवाय ओपन फॉन्ट लायसन्समुळे दुकानासाठी फुकट वापरता येतो आणि आकारात बदलही करता येतो. ते पुढे उपयोगी पडलं.

नाव आठ फुटांत भरावं म्हणून मी दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली! देवनागरीत हे करूच नये. अंतर पुन्हा होतं तसं केलं आणि अक्षरच मोठं केलं. पत्ता, फोन, 'सर्व प्रकारचा किराणा माल' हेही यात्रा वनमध्येच लावलं होतं. सगळीच अक्षरं नटलेली, त्यामुळे दुकानाचं नाव हरवून गेलं. शेवटी नाव तेवढं त्यात ठेवून बाकी मजकूर साध्या मुक्ता फॉन्टमध्ये केला.

छपाईवाल्याकडे फाइल उघडली तर 'किराणा'तली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसलेली, दुकानाच्या नावातल्या 'लक्ष्मी'चं जोडाक्षर पाय मोडून सुटं झालेलं. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं होतं. घरी येऊन इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार करून घेतले, म्हणजे मजकूर फॉन्टवर अवलंबून राहत नाही, आणि पीडीएफ दिली. त्यात काहीही हललं नाही.

बाबांचा जीव 'लक्ष्मी'तल्या ल मध्ये अडकला होता. त्यांना जुन्या पाटीवरचाच पाकळीचा ल हवा होता. 2009च्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल च सांगितला आहे, त्यामुळे त्यांचा आग्रह मला पटला. जुन्या पाटीचा फोटो खाली ठेवून, यात्रा वनची जाडी धरून तो एक ल मी पुन्हा काढला. तीन संध्याकाळी गेल्या. दोन पाकळ्या सारख्या केल्या की अक्षर निर्जीव दिसायचं. डावी थोडी मोठी ठेवली तेव्हा जमलं.

पूर्ण मापाचा प्रिंट काढून पेंटरकाकांना दिला. त्यांनी रेषांवर सुईने भोकं पाडली, गेरूची पुरचुंडी फिरवून खाका पत्र्यावर उतरवला आणि ऑइलपेंटने भरला. ल पाशी आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "हा आपल्या जुन्या पाटीवरचा ना?"